काशीची नागरी आणि ब्राउझरच्या आवृत्त्या

डिसेंबर १९०५ मध्ये काशीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. गोपाळ कृष्ण गोखले त्याचे अध्यक्ष होते. त्याच दिवसांत नागरी प्रचारिणी सभेने भरवलेल्या परिषदेत लोकमान्य टिळकांचे भाषण झाले. प्रथमतः संस्कृतशी नाते सांगणाऱ्या भारतीय भाषांना एक सामाईक लिपी असावी आणि ती नागरी असावी, असा विचार त्यांनी मांडला. ज्या सभेच्या व्यासपीठावरून हे भाषण झाले तिची स्थापना १८९३ साली काशीतच झाली होती. तिच्या आणि इतरांच्या प्रयत्नांमुळे १९०० साली त्या प्रांताच्या कचेऱ्यांत नागरी लिपीला स्थान मिळाले होते. टिळकांना हा विषय केवळ भाषणापुरता नव्हता. छापखान्यात नागरीचे असंख्य खिळे जुळवताना होणारा त्रास ते जाणून होते आणि खिळ्यांची संख्या कमी करून सुटसुटीत टाइप तयार करण्यासाठी त्यांनी बराच खटाटोप केला.

या घटनेनंतर सुमारे नव्वद वर्षांनी हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुन्हा उभा राहिला. या वेळी खिळ्यांची जागा संगणकाने आणि छापखान्याची जागा ब्राउझरने घेतली होती. ब्राउझर म्हणजे संगणकावर जालावरील पाने उघडून दाखवणारी प्रणाली. मराठीत तिला न्याहाळक असेही म्हटले गेले, पण रूढ झाला तो ब्राउझर हाच शब्द. कोणत्या संगणकावर कोणता ब्राउझर आणि त्याची कोणती आवृत्ती ठेवावी, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. नागरी लिपीत वाचणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो कितीतरी वर्षे ‘आपली अक्षरे दिसणार की नाही’ असा सरळ प्रश्न होता. त्याचा इतिहास शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात नोंदवण्याजोगा आहे, कारण या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या किमान दोन पिढ्या त्याच्या साक्षीदार आहेत.

एक लिपी, दोन भाषा

काशीतील मराठी वस्ती जुनी आहे. संत एकनाथांनी आपल्या भागवतावरील टीकेची समाप्ती शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, याच क्षेत्री केली. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी वैदिकांची आणि शास्त्र्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी-भोजपुरी असा या घरांचा व्यवहार. अशा घरातील मुलाला शाळेत हिंदीतून अक्षरओळख झाली, तरी घरातील मराठी पोथी वाचण्यासाठी दुसरी लिपी शिकावी लागत नसे. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे थोडी निराळी दिसत, ‘ळ’ची ओळख करून घ्यावी लागे, इतकेच.

या एकलिपीचा लाभ दोन्ही भाषांना झाला. काशीतच जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हे मराठी गृहस्थ ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून अखिल हिंदी जगतात मान्यता पावले. १९२० साली शिवप्रसाद गुप्त यांनी सुरू केलेल्या या दैनिकाच्या माध्यमातून पराडकरांनी हिंदी पत्रकारितेची भाषा घडवली. लक्ष्मण नारायण गर्दे यांचेही नाव याच मालिकेत येते. एका लिपीमुळे मराठी घरातील माणूस हिंदीचा संपादक होऊ शकला, ही गोष्ट टिळकांच्या १९०५ सालच्या विचाराला पुष्टी देणारीच म्हणावी लागेल.

संगणकाच्या पहिल्या पर्वात नेमकी हीच एकता खंडित झाली.

खिळ्यांकडून संकेतांकडे

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा नेमून द्यावा लागतो आणि तो सर्वांनी मान्य करावा लागतो. इंग्रजीसाठी हे काम लवकर झाले. भारतीय लिपींसाठी त्याचा पाया उत्तर प्रदेशातच, काशीपासून फार दूर नसलेल्या कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत घातला गेला. १९६३ मध्ये ज्या संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक आला होता, तिथेच पुढे नागरी अक्षरे दाखवणाऱ्या यंत्रणेवर संशोधन झाले. त्या कामातून जिस्ट हे तंत्र आकाराला आले. मोहन तांबे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत त्या तंत्राचा विस्तार झाला. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून इस्की ही संकेतप्रणाली मान्य झाली आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिपींना सामावून घेऊ पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली.

मार्ग उपलब्ध होता. परंतु व्यवहार त्या मार्गाने गेला नाही. छपाईच्या धंद्याला घाई होती. मराठी डीटीपीचे दुकान, हिंदी टंकलेखनाची कचेरी आणि वृत्तपत्राची कचेरी यांनी आपापल्या सोयीचे फाँट स्वीकारले. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर नागरीची चित्रे बसवलेले हे फाँट होते. महाराष्ट्रात शिवाजी, श्रीलिपी अशी नावे परिचित झाली, तर उत्तर प्रदेशातील कचेऱ्यांत कृतिदेव घरोघरी पोहोचला. प्रत्येकाची आकड्यांची मांडणी वेगळी. एका फाँटमधील ‘काशी’ दुसऱ्या फाँटमध्ये उघडली की निरर्थक चिन्हांची रांग होत असे. कागदावर छापून घ्यायचे तोवर यात अडचण नव्हती. जालावर वाचायचे म्हटले, तेव्हा मात्र ती उघडी पडली.

पहिल्या खिडक्या

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. स्वस्त खात्यांवर केवळ मजकूर दिसे आणि त्यासाठी लिंक्स नावाचा, चित्रे न दाखवणारा ब्राउझर वापरला जाई. नागरीचा त्यात प्रश्नच नव्हता. ज्यांना चित्रांसह पाने पाहता येत, त्यांच्यापुढे दोन पर्याय होते: १९९४ मध्ये आलेला नेटस्केप नॅव्हिगेटर आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेला इंटरनेट एक्स्प्लोरर. या दोघांच्या चढाओढीला पुढे ‘ब्राउझर-युद्ध’ असे नाव पडले आणि ते प्रकरण १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयातही गेले.

त्या युद्धाचा एक परिणाम नागरी वाचकांवर झाला, पण त्याची नोंद सहसा घेतली जात नाही. १९९७ च्या सुमारास दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्तीत पानाबरोबर फाँटही आपोआप पाठवण्याची सोय आली. वाचकाने काहीही न बसवता मराठी वृत्तपत्र उघडावे आणि अक्षरे दिसावीत, अशी ही कल्पना होती. परंतु नेटस्केपने एक पद्धत घेतली आणि मायक्रोसॉफ्टने दुसरी. एकासाठी तयार केलेला फाँट दुसऱ्यात चालत नसे. त्यावर कडी म्हणजे २००० साली आलेल्या नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीतून ही सोयच वगळण्यात आली. ज्याने मोठ्या उत्साहाने नवी आवृत्ती बसवली, त्याचे पूर्वी दिसणारे पान दिसेनासे झाले. नवी आवृत्ती म्हणजे अधिक चांगली, हा समज नागरी वाचकांपुरता तरी इतक्या लवकर खोटा ठरला.

काशीतील मराठी वाचकाची स्थिती यात विशेष बिकट होती. पुण्या-मुंबईच्या वाचकाला सकाळी दारात वृत्तपत्र मिळत असे. संगणकावर ते दिसले नाही तरी त्याचे फारसे अडत नव्हते. दूरच्या मराठी माणसाला मात्र मराठी नियतकालिके टपालाने, शिळी होऊनच मिळत. त्याच्यासाठी जालावरील मराठी पान ही चैन नव्हती. भाषेशी रोजचा संबंध ठेवण्याचे ते साधन होते. शिवाय हिंदी दैनिकासाठी एक फाँट आणि मराठी दैनिकासाठी दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था त्याला करावी लागे. जी दोन्ही वृत्तपत्रे कागदावर तो एकाच लिपीत वाचत आला होता, ती संगणकावर दोन अनोळखी लिपींत विभागली गेली. घाटांजवळच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसलेल्या ग्राहकाला तर त्या यंत्रावर फाँट बसवण्याची मुभा मिळेलच असे नव्हते.

विंडोज ९८ आणि एक्सपी

फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत मायक्रोसॉफ्टने प्रथमच युनिकोडमधील नागरीची सोय अंतर्भूत केली. तिच्याबरोबर आलेला मंगल हा फाँट ज्येष्ठ सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. एका मराठी कलावंताच्या हातची अक्षरवळणे अशा रीतीने जगभरातील संगणकांत पोहोचली.

परंतु घरांत, शाळांत आणि लहान कचेऱ्यांत तेव्हा विंडोज ९८ चालणारी यंत्रे होती. या प्रणालीला नागरी ठाऊकच नव्हती. तरीही एक वाट होती. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती बसवली की तिच्याबरोबर अक्षरजुळणी करणारा घटक येत असे. सोबत एखादा युनिकोड फाँट ठेवला की ब्राउझरच्या आत नागरी नीट दिसे. त्याच यंत्रावर नोटपॅडमध्ये किंवा फाइलच्या नावात मात्र ती उमटत नसे. जुन्या यंत्रावर योग्य आवृत्ती निवडली तर त्याच्या मूळ क्षमतेपलीकडचे काम करून घेता येते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. त्याच सुमारास महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक सामान्य घरांत चर्चेचा विषय झाला. एक्सपीमध्ये नागरी होती, पण झोपलेली. प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन गुंतागुंतीच्या लिपींसाठीच्या चौकटीत खूण करावी लागे. त्यानंतर यंत्र एक्सपीची मूळ सीडी मागत असे, आणि ती हाताशी असेलच याची खात्री नसे. ही खूण केली नाही तर अक्षरे दिसत, पण मोडलेली. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर येई आणि जोडाक्षरांचे तुकडे पडून मध्ये हलन्ताचे पाय दिसत. अनेकांनी या मोडक्या अक्षरांचा दोष युनिकोडलाच दिला आणि ते जुन्या फाँटकडे परत गेले. वास्तविक दोष संकेताचा नव्हता; यंत्रात करायची एक खूण राहून गेली होती.

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. तो युनिकोडमध्येच होता. नागरीसाठी सामाईक संकेत वापरणारे मोठे सार्वजनिक लेखन मराठीत सुरू झाले, ते येथून असे म्हणता येईल.

दोन ब्राउझर, एक टेबल

इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. मधली पाच वर्षे जगातील बहुसंख्य वाचक एकाच आवृत्तीवर राहिले. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. नेटस्केपने १९९८ मध्ये आपली आज्ञावली सर्वांसाठी खुली केली होती. फायरफॉक्स हे त्याच बीजाचे झाड. पुढे भारत सरकारच्या भाषा-तंत्रज्ञान उपक्रमातून मोफत वाटलेल्या हिंदी सीडीतही त्याला स्थान मिळाले. कालांतराने त्याचे मराठी रूपही आले.

त्यानंतरच्या काळात एकाच यंत्रावर दोन ब्राउझर ठेवणे ही नागरी वाचकांची सवय झाली. ज्या वृत्तपत्रांनी मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचे फाँट वापरले होते, त्यांची पाने फायरफॉक्समध्ये निरर्थक दिसत. त्यांच्यासाठी एक्स्प्लोरर उघडावा लागे, किंवा तो फाँट यंत्रात स्वतः बसवावा लागे. युनिकोडमधील पानांसाठी फायरफॉक्स वेगवान आणि सुरक्षित होता, पण त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत एक विचित्र दोष राहिला होता. परिच्छेदाच्या दोन्ही कडा समान केलेल्या असतील तर नागरीची जोडणी तुटत असे. म्हणजे जे संकेतस्थळ अधिक नीटनेटके, त्याचीच अक्षरे मोडकी! जून २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हा दोष दूर केला. अडचण अशी की ही तिसरी आवृत्ती विंडोज ९८ वर चालत नव्हती. त्या यंत्रांसाठी दुसऱ्या मालिकेतील २.०.०.२० ही शेवटची ठरली. ज्यांच्यापाशी जुने यंत्र होते, त्यांना दोष असलेली आवृत्ती पत्करावी लागली किंवा एक्स्प्लोररकडे परतावे लागले.

दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची रीतही दोन्ही ब्राउझरांत भिन्न होती. एक्स्प्लोरर प्रणालीच्या आत विणलेला असल्याने त्याची एकच आवृत्ती एका यंत्रावर राहू शके. सातवी बसवली की सहावी गेली. फायरफॉक्स निरनिराळ्या फोल्डरांत बसवता येई. मात्र वाचनखुणा, पासवर्ड इत्यादी माहिती ज्या खात्यात साठते ते प्रोफाइल प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे ठेवावे लागे. नव्या आवृत्तीने हाताळलेले प्रोफाइल जुनीने उघडले की माहिती बिघडण्याचा संभव असे. ही चूक इतक्यांकडून झाली की मे २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक बसवणीला स्वतंत्र प्रोफाइल देण्याची आणि नवे प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू न देण्याची व्यवस्था फायरफॉक्समध्येच करण्यात आली.

एकाच खिडकीवर विसंबण्याची किंमत

एकाच ब्राउझरच्या एकाच आवृत्तीला बांधून घेतल्यास काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. १९९९ च्या सुमारास त्या देशाने बँकव्यवहारांसाठी स्वतःची सीड ही गुप्तलेखनपद्धती स्वीकारली आणि ती इंटरनेट एक्स्प्लोररमधील ॲक्टिव्ह-एक्स या जोडणीद्वारे चालवली. निर्णय त्या वेळी योग्य वाटला, परंतु पुढे कित्येक वर्षे देशातील नागरिकांना बँकेसाठी आणि सरकारी कामासाठी एक्स्प्लोरर सोडता आला नाही. सक्तीच्या त्या प्रमाणपत्रांचे विशेष स्थान डिसेंबर २०२० मध्ये संपले. युरोपात जानेवारी २०१० मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सुरक्षा यंत्रणांनी नागरिकांना एक्स्प्लोरर तूर्त वापरू नका असा सल्ला दिला, तर त्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारने आपल्या खात्यांतील सहावी आवृत्ती बदलण्यास खर्चाचे कारण सांगून नकार दिला.

आपल्याकडेही ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसते’ अशी सूचना अनेक पानांच्या तळाशी असे. अंकीय स्वाक्षरी लागणाऱ्या निविदा आणि विवरणपत्रे यांच्यासाठी जावाची जोडणी आवश्यक असे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने तिला निरोप दिला. फायरफॉक्सच्या ५२ व्या आवृत्तीची दीर्घ मुदतीची शाखा तेवढी तिला सांभाळून होती, आणि नेमकी तीच एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्तीही होती. त्यामुळे कितीतरी कचेऱ्यांतील कारकुनांनी ती जपून ठेवली: रोजच्या वाचनाला एक ब्राउझर आणि स्वाक्षरीच्या कामाला दुसरा.

जुन्या यंत्रांचा निरोप

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला. क्रोमची ४९ वी आवृत्ती ही त्या प्रणालीवरची शेवटची. एप्रिल २०१६ नंतर तिला सुधारणा मिळाल्या नाहीत. फायरफॉक्सची ५२ वी शाखा २०१८ पर्यंत टिकली. त्यानंतर एक्सपीची यंत्रे बंद पडली नाहीत; पण त्यांच्यावरून एकेक संकेतस्थळ दिसेनासे होत गेले.

याचे कारण पुष्कळांना कळले नाही. संकेतस्थळ खरे आहे की बनावट, हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ठरवतो आणि त्या प्रमाणपत्रामागे काही विश्वस्त मूळ प्रमाणपत्रे असतात. त्यांचीही मुदत असते. असे एक बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी कालबाह्य झाले, तेव्हा जगभरातील असंख्य जुनी यंत्रे अचानक ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असे सांगू लागली. एक्स्प्लोरर आणि क्रोम ही प्रमाणपत्रे यंत्राच्या प्रणालीतून घेत. फायरफॉक्स मात्र आपली यादी स्वतःपाशी ठेवी. म्हणून एकाच जुन्या यंत्रावर एक ब्राउझर निकामी झाला तरी दुसरा काही काळ चालत राहिला. फायरफॉक्सलाही हा नियम चुकला नाही. त्याचे स्वतःचे एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ रोजी संपले आणि त्यापूर्वी सुधारणा न घेतलेल्या आवृत्त्यांतील जोडण्या बंद पडण्याची वेळ आली.

विंडोज ७ ची कथा याच क्रमाने घडली. जानेवारी २०२० मध्ये तिचा आधार संपला, क्रोमची १०९ वी आवृत्ती तिच्यावरची अखेरची ठरली, फायरफॉक्सच्या ११५ व्या शाखेने तिला अधिक काळ साथ दिली. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला आणि त्याच्यासाठीच घडवलेली जुनी पाने उघडण्यासाठी एज या नव्या ब्राउझरात एक विशेष अवस्था ठेवावी लागली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही सामान्य आधार संपला. प्रश्न पुन्हा तोच आहे. फक्त यंत्रे बदलली आहेत.

पालकांच्या दृष्टीने या इतिहासातून निघणारे नियम साधे आहेत. जुन्या यंत्रावर त्याला पेलेल अशी शेवटची सुधारित आवृत्ती ठेवावी, त्याहून मागची नव्हे. एखाद्या कामासाठी मागची आवृत्ती अपरिहार्य असेल, तर ती स्वतंत्र प्रोफाइलसह, तेवढ्याच कामापुरती वापरावी. जिला सुधारणा मिळणे थांबले आहे अशा आवृत्तीतून बँकेचा व्यवहार करू नये. यंत्र धडधाकट असून केवळ प्रणाली म्हातारी झाली असेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी लिनक्सची हलकी प्रणाली बसवून पाहावी. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेली बॉस ही प्रणालीही २००७ पासून उपलब्ध आहे.

जे टिकले आणि जे हरवले

या पंचवीस-तीस वर्षांत ब्राउझरच्या शेकडो आवृत्त्या आल्या आणि गेल्या. त्यांतील कोणतीही कायम राहणार नव्हती. मग मराठी मजकुरापैकी काय टिकले? २००३ साली युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी लेख आज कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतो. त्या वेळी मोडका दिसणारा लेखही आज अखंड दिसतो, कारण संकेत शुद्ध होता आणि दाखवणारे यंत्र मागाहून सुधारले. याउलट, त्याच वर्षी खाजगी फाँटमध्ये लिहिलेला आणि तेव्हा अतिशय सुबक दिसणारा मजकूर आज अनेकदा निरर्थक चिन्हांचा ढीग आहे. वृत्तपत्रांचे जुने अंक, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका यांच्या त्या काळातील कितीतरी फाइली अशाच पडून आहेत. छापील प्रत वाचता येते. मूळ फाइलीत एक नावही शोधता येत नाही. काही फाँटसाठी परिवर्तक उपलब्ध आहेत. ज्यांच्या घरी किंवा संस्थेत अशा फाइली असतील, त्यांनी त्या फाँटसह जपून ठेवाव्यात आणि यंत्र बदलण्यापूर्वीच युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात.

युनिकोडने सारे प्रश्न सोडवले असेही नाही. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतील अर्धा रकार दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला ते वेगळे वाटू शकतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दिसण्यासाठी फाँटची आणि ब्राउझरची साथ लागते. पण हे घरातले मतभेद आहेत. घर एकच आहे.

काशीत भागवताची समाप्ती केल्यानंतर अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठांचे शुद्धीकरण पूर्ण केले. अनेक प्रती, अनेक पाठभेद, त्यांतून निवड करून लोकांसाठी एक विश्वासार्ह पाठ सिद्ध करणे हे ते कार्य होते. नंतर त्या पाठाच्या हाताने नकला झाल्या, शिळाप्रेसवर तो छापला गेला, खिळ्यांनी जुळवला गेला, आणि आज तो मोबाइलच्या पडद्यावर वाचला जातो. वाहक बदलत राहिला. टिळकांनी १९०५ मध्ये काशीत ज्या सामाईक लिपीचा आग्रह धरला, तिचे महत्त्व संगणकाच्या युगात अशा रीतीने नव्याने सिद्ध झाले. काशीच्या गल्लीतील मराठी मुलाला आज हिंदी आणि मराठी दोन्ही वृत्तपत्रे पुन्हा एकाच खिडकीत, एकाच लिपीत वाचता येतात. मध्ये गेलेल्या वर्षांत त्यासाठी किती आवृत्त्या बदलाव्या लागल्या, हे त्याला ठाऊक नसेल. त्याच्या पालकांना मात्र ते आठवत असेल.